सीटी कोरोनरी अँजिओ: ६९ ठोक्यांवर बिघडलेला एक स्कॅन

सीटी कोरोनरी अँजिओ म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत उजळ दिसणारे औषध) देऊन सीटी मशीनवर काढलेले हृदयाच्या धमन्यांचे चित्र. ते वाचताना सर्वांत जास्त घोळ होतो तो उजव्या कोरोनरी धमनीच्या मधल्या भागावर. तिथला अरुंदपणा खरा आहे, की हृदय हलल्यामुळे तसा दिसतो आहे? पुढचे प्रकरण याच प्रश्नाचे आहे. ते प्रातिनिधिक आहे. एका एक्स-रे नळीच्या ६४ स्लाइस (एका वेळी ६४ काप घेणाऱ्या) मशीनवर वारंवार येणारी परिस्थिती एका रुग्णाच्या रूपात मांडली आहे आणि आकडे त्या मशीनच्या गणिताला धरून घेतले आहेत. औषधांचे डोस नेहमीच्या वापरातले आहेत, पण प्रत्येक रुग्णासाठी ते ठरवायचे तिथल्या डॉक्टरांनी.

परिस्थिती

रुग्ण ५८ वर्षांची महिला, वजन ६४ किलो. जिना चढताना छातीत जडपणा, पण दर वेळी नाही. ट्रेडमिल टेस्टचा निष्कर्ष धड होकारार्थी नाही, धड नकारार्थी नाही. रक्तदाबाची एक गोळी चालू, दमा नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाचे माप) ०.८. अशा मध्यम शक्यतेच्या रुग्णासाठी ही तपासणी अगदी योग्य असते, कारण चित्र स्वच्छ आले आणि धमन्या मोकळ्या दिसल्या तर मांडीतून किंवा मनगटातून करायची अँजिओग्राफी टळते.

मशीन ६४ ओळींच्या डिटेक्टरचे, प्रत्येक ओळ ०.६२५ मिमी. म्हणजे एका जागी थांबून ४० मिमी उंचीचा पट्टा टिपता येतो. गँट्रीची, म्हणजे नळी आणि डिटेक्टर फिरवणाऱ्या कड्याची, एक फेरी ०.३५ सेकंदांची. हृदयाचे चित्र बांधायला अर्ध्या फेरीचा डेटा पुरतो, म्हणून वेळेची सूक्ष्मता, म्हणजे एक चित्र टिपायला लागणारा वेळ, फेरीच्या निम्मी, १७५ मिलिसेकंद. या प्रकरणातला सगळा तिढा याच आकड्याभोवती आहे.

महिला साडेनऊला आली तेव्हा पल्स ८४. पावणेदहाला मेटोप्रोलॉल ५० मिलिग्रॅमची गोळी दिली. बाहेर रांग होती, म्हणून १०.२० ला तिला टेबलावर घेतले. मॉनिटरवर ६८ ते ६९ दिसत होते आणि «सत्तरच्या आत आलं, चालेल» असे ठरले.

गोळीला फक्त ३५ मिनिटे मिळाली होती, हे इथे नोंदवून ठेवू. तोंडावाटे घेतलेल्या मेटोप्रोलॉलचा पूर्ण परिणाम दिसायला तास ते दीड तास लागतो. टेबलावर दिसलेले ६९ हा घसरत्या आलेखावरचा मधला बिंदू होता आणि अशा वेळी ठोके स्थिर नसतात.

पहिला स्कॅन

आधी कॅल्शियम स्कोअर, म्हणजे धमन्यांतल्या कॅल्शियमचे मोजमाप: कॉन्ट्रास्टशिवाय, १२० केव्ही (नळीचा व्होल्टेज), ३ मिमीचे काप. मग उजव्या कोपराच्या शिरेत १८ नंबरचा हिरवा कॅन्युला. डाव्या हाताने दिले तर डावीकडची मोठी शीर छातीत आडवी जाताना दाट कॉन्ट्रास्टने भरते आणि महाधमनीच्या कमानीजवळ रेघा मारते, म्हणून उजवा हात बरा. जिभेखाली नायट्रोग्लिसरीनचा ०.४ मिलिग्रॅमचा फवारा. ३५० ताकदीचा (मिलीमागे ३५० मिलिग्रॅम आयोडीन) कॉन्ट्रास्ट ७५ मिली, सेकंदाला ५ मिली वेगाने, मागोमाग त्याच वेगाने ४० मिली सलाइन. वेळ पकडण्यासाठी महाधमनीत वर्तुळ ठेवून १२० एचयूचा (हौन्सफिल्ड एकक, सीटीतल्या उजळपणाचे माप) उंबरठा; तो ओलांडला की स्कॅन सुटतो.

स्कॅनची पद्धत प्रॉस्पेक्टिव्ह. यात नळी सतत चालू राहत नाही. ईसीजीची आर लाट (जवनिकेच्या, म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्याच्या, आकुंचनाची उंच लाट) दिसली की मशीन ठरलेला वेळ थांबते, एक्स-रे सोडते, बंद करते, टेबल ३५ मिमी सरकते, पुन्हा लाटेची वाट पाहते. टेबल सरकायला वेळ लागतो म्हणून एक ठोका सोडून एक. चार पट्ट्यांत १४५ मिमी, म्हणजे एकूण सात ठोके. केंद्रबिंदू आर-आर अंतराच्या, म्हणजे दोन आर लाटांमधल्या वेळेच्या, ७५ टक्क्यांवर ठेवला होता आणि किरणांचा डोस वाचावा म्हणून आगेमागे जादा एक्सपोजर, ज्याला सगळे पॅडिंग म्हणतात, शून्य.

७५ टक्केच का, तर ठोके साठच्या आसपास असताना हृदय भरत आले की क्षणभर जवळपास स्थिर राहते. आकुंचनाचा काळ साधारण ३०० मिलिसेकंद, तो फारसा बदलत नाही. ठोके वाढले की सगळी काटछाट होते ती भरण्याच्या काळात. साठ ठोक्यांना आर-आर अंतर १००० मिलिसेकंद, पंचाहत्तरला ८००. मधले २०० मिलिसेकंद गेले ते जवळजवळ सगळे त्या विश्रांतीच्या खिडकीतून गेले, आणि आपल्याला त्या खिडकीत १७५ मिलिसेकंद बसवायचे आहेत.

चित्रात काय दिसले

महाधमनीत ४०० एचयूच्या वर उजळपणा, म्हणजे कॉन्ट्रास्टची वेळ अचूक. डावी मुख्य धमनी आणि पुढची उतरती धमनी वाचण्याजोगी. उजवी धमनी उगमापाशी स्वच्छ, पण मधल्या भागात तिचा गोल छेद चंद्रकोरीसारखा आणि शेजारी एक फिकट दुसरी कड. वक्र रिफॉरमॅटमध्ये (वळणदार धमनी उलगडून दाखवणाऱ्या चित्रात) धमनी एका ठिकाणी कापून अडीच-तीन मिमी बाजूला सरकवल्यासारखी. त्या सरकलेल्या जागेलगत एक कॅल्शियमचा ठिपका पसरट होऊन निम्म्याहून जास्त पोकळी झाकत होता. घाईने वाचणाऱ्याने तिथे ७० टक्के लिहिले असते, आणि त्या एका आकड्याने रुग्ण थेट कॅथलॅबला गेली असती.

वर्कस्टेशनवर दुसरा फेज, म्हणजे ठोक्याच्या दुसऱ्या क्षणाचे चित्र, काढून पाहावा, तर पॅडिंग शून्य असल्याने दुसरा फेजच नाही. गती दुरुस्त करणाऱ्या सॉफ्टवेअरलाही केंद्राच्या आगेमागचा डेटा हवा असतो, तरच धमनी कुठून कुठे गेली हे त्याला कळते. तो मार्गही बंद.

श्वास की ठोका

पट्ट्यांच्या सांध्यावर पायरी दिसली की बहुतेक जण «पेशंटने श्वास सोडला» म्हणून मोकळे होतात. खात्री करायला अर्धा मिनिट पुरतो. उभ्या छेदात, म्हणजे सॅजिटलमध्ये, छातीचे मधले हाड पाहायचे. हाडाच्या पुढच्या कडेलाही त्याच उंचीवर पायरी असेल, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्याही तुटलेल्या असतील, तर श्वास सुटला. हाड सरळ, छातीची भिंत सलग आणि फक्त हृदयाची कड सरकलेली, तर दोष ठोक्याचा. पाहताना खिडकी रुंद ठेवावी. कोरोनरीसाठी लावलेल्या अरुंद खिडकीत हाडाची कड पांढरी होऊन जाते आणि बारीक पायरी निसटते.

इथे हाड आणि डायफ्रॅमचा घुमट दोन्ही सलग होते. पायरी दुसऱ्या आणि तिसऱ्या पट्ट्याच्या सांध्यावर, फक्त हृदयाच्या सावलीत. तिसऱ्या पट्ट्यात डाव्या वळशाच्या धमनीचे टोकही जरा पुसट होते. उजवी धमनी आणि वळशाची धमनी दोन्ही कर्णिका (हृदयाचा वरचा कप्पा) आणि जवनिका यांच्या मधल्या खोबणीतून जातात. पुढची उतरती धमनी त्याच पट्ट्यात असूनही बरी होती. या खुणा एकत्र ठेवल्या की संशय कर्णिकेच्या आकुंचनावर जातो, कारण कर्णिका आवळली की सर्वांत जोरात ओढली जाते ती ही खोबण.

ईसीजीची पट्टी

स्कॅनबरोबर साठवलेली ईसीजी पट्टी प्रत्येक बिघडलेल्या तपासणीत उघडून पाहायलाच हवी. अनेक ठिकाणी ती पाहिली जात नाही आणि तिथेच कारण दडलेले असते. या पट्टीवर सात अंतरे अशी होती: ८९०, ८७०, ९००, ८८०, ७२०, ९६०, ८८० मिलिसेकंद. एक्सपोजर पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या अंतरात. पाचव्यात एक ठोका लवकर आला, कर्णिकेतून निघालेला एक्टोपिक, म्हणजे नेहमीची जागा सोडून उठलेला ठोका. सरासरी ६९ दाखवणाऱ्या आकड्यात हे दिसत नाही.

आता हिशेब. मशीन पुढचा ठोका पाहू शकत नाही, मागच्या काही ठोक्यांवरून अंदाज बांधते. आधीच्या चार अंतरांची सरासरी ८८५, तिचे ७५ टक्के म्हणजे आर लाटेनंतर ६६४ मिलिसेकंद. अर्धी फेरी अधिक किरणांच्या पंख्याचा कोन धरून नळी सुमारे २३० मिलिसेकंद पेटते, म्हणजे ५४९ ते ७७९. पण पुढची आर लाट आली ७२० ला. तिच्या आधीची पी लाट (कर्णिकेच्या आकुंचनाची) जवळपास ५७०. कर्णिकेची हालचाल पी लाटेच्या किंचित मागे असते, तरी नळी पेटली तेव्हा पाठोपाठ कर्णिका आवळायला लागली आणि नळी बंद होता होता जवनिकाही आकुंचनाला लागली. बाकी तीन पट्टे विश्रांतीत टिपले गेले, हा एक सगळ्या धावपळीत.

अनियमित ठोका आला की तो सोडून द्यायची सोय बहुतेक मशीनवर असते आणि ती इथेही सुरू होती. पण ती काम करते नवी आर लाट एक्सपोजरच्या आधी आली तरच. इथे नळी ५४९ लाच पेटली होती. सोडलेले किरण परत घेता येत नाहीत.

उजव्या धमनीचा वेग लक्षात घेतला की बिघाडाचे प्रमाण समजते. इलेक्ट्रॉन बीम सीटीवर केलेल्या मोजमापांत काप-पातळीतला तिचा सरासरी वेग सेकंदाला सुमारे ७० मिमी आला, वळशाच्या धमनीचा ४८ च्या आसपास, पुढच्या उतरत्या धमनीचा २२. ७० मिमी वेगाने १७५ मिलिसेकंदांत १२ मिमी प्रवास होतो आणि धमनीची पोकळी आहे जेमतेम ३ ते ४ मिमी. विश्रांतीच्या काळात हाच वेग सेकंदाला ५ मिमीपर्यंत उतरला तर सरकणे मिलिमीटरच्या आत येते. ०.४ मिमी जाडीच्या तपशिलाची अपेक्षा धरायची तर एवढी शांतता लागतेच.

गँट्री आणखी वेगाने का फिरवत नाहीत

हा प्रश्न प्रत्येक प्रशिक्षणात विचारला जातो आणि त्याचे उत्तर यंत्रशास्त्रात आहे. नळी, जनरेटर, डिटेक्टर सगळे एका कड्यावर बसून फिरतात. नळी केंद्रापासून सुमारे ६० सेंमीवर धरली तर ०.३५ सेकंदांच्या फेरीत तिच्यावर गुरुत्वाकर्षणाच्या जवळपास २० पट ओढ येते, ०.२५ सेकंदांत ४० पटीच्या जवळ. फेरीचा वेळ निम्मा केला की ओढ चौपट. नळीच्या आत फिरणारा तापलेला अॅनोड आणि त्याचे बेअरिंग हीच ओढ सोसत असतात.

ही अडचण फार जुनी आहे. १९७१ मध्ये लंडनच्या अॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात हौन्सफिल्ड यांच्या मशीनवर पहिल्या रुग्णाच्या मेंदूचा स्कॅन झाला तेव्हा एका कापासाठी मिनिटे लागत होती. डोके स्थिर ठेवता येते, हृदय नाही. १९८० च्या दशकात डग्लस बॉइड यांच्या इलेक्ट्रॉन बीम सीटीने फिरणारा भागच काढून टाकला. चुंबकाने वाकवलेला इलेक्ट्रॉनांचा झोत टंगस्टनच्या कमानीवरून सरकवायचा आणि ५० ते १०० मिलिसेकंदांत काप घ्यायचा. कॅल्शियम स्कोअरची अॅगटस्टन पद्धत १९९० मध्ये याच मशीनवर बसवली गेली. पण किंमत मोठी, काप जाड, चित्रात कण जास्त, आणि २००४ च्या सुमारास ६४ स्लाइस मशीन आल्यावर ते तंत्र मागे पडले. २००५ मध्ये दोन नळ्या काटकोनात बसवलेले मशीन आले. दोन्ही मिळून पाव फेरीत काम होते, म्हणून ८३ मिलिसेकंद, आणि पुढच्या पिढीत ७५, मग ६६. दुसरा रस्ता रुंद डिटेक्टरचा, १६ सेंमी एकाच जागी. त्यात टेबल सरकत नाही, पट्ट्यांचे सांधे नाहीत, म्हणून पायरी येत नाही. मात्र वेळेची सूक्ष्मता तिथेही फेरीवरच ठरते, म्हणून अशा मशीनवर धमनी तुटत नाही पण पुसट होऊ शकते. खरेदी करणाऱ्याने «किती स्लाइस» याआधी «फेरी किती सेकंदांची, नळ्या किती» हे विचारावे.

जिल्ह्याच्या ठिकाणी बहुधा ६४ किंवा १२८ स्लाइसचे एका नळीचे मशीनच असते. त्यावर उत्तम काम होते, पण मशीनमध्ये नसलेला वेग रुग्णाच्या तयारीतून भरून काढावा लागतो.

पर्याय तोलताना

पहिला पर्याय, आहे त्यावर रिपोर्ट देणे आणि त्या भागापुढे «वाचण्याजोगा नाही» लिहिणे. कॅड-रॅड्समध्ये, म्हणजे धमन्यांचा अरुंदपणा गटांत नोंदवायच्या पद्धतीत, यासाठी एन हे अक्षर आहे आणि ते प्रामाणिकपणे वापरायला संकोच नको. पण इथे अनिश्चित राहिलेला भाग नेमका तोच, जिथे कॅल्शियम आहे. रुग्णाच्या प्रश्नाला उत्तर मिळत नव्हते.

दुसरा, ठोके तसेच ठेवून ३५ ते ८० टक्क्यांची रुंद खिडकी उघडणे. ठोके सत्तर-पंचाहत्तरच्या पुढे असले की आकुंचनाच्या शेवटची छोटी विश्रांती, ३५ ते ४५ टक्क्यांची, जास्त भरवशाची ठरते. एक्टोपिक लवकर आला तरी तिच्यावर परिणाम होत नाही, कारण ती मागच्या आर लाटेपासून ठरावीक अंतरावर येते. पण किंमत पाहा. पहिल्या स्कॅनचा डीएलपी (पूर्ण स्कॅनमध्ये दिलेल्या किरणांचे माप) २१० होता, एका पट्ट्यामागे २३० मिलिसेकंद. रुंद खिडकीत एका पट्ट्यामागे सुमारे ६३० मिलिसेकंद, म्हणजे डीएलपी ५७० च्या पुढे. छातीसाठी नेहमी वापरला जाणारा ०.०१४ हा गुणक लावला तर ८ मिलिसिव्हर्ट (शरीरावर होणाऱ्या किरणांच्या परिणामाचे एकक).

तिसरा, रेट्रोस्पेक्टिव्ह: ०.२ च्या पिचने (एका फेरीत टेबल पट्ट्याच्या पाचव्या भागाइतकेच सरकते) सलग स्कॅन, सगळे फेज हातात, नंतर पट्टीवर एक्टोपिक खोडून दुरुस्ती. अनियमित ठोक्यांच्या, एट्रियल फिब्रिलेशनच्या रुग्णात एका नळीच्या मशीनवर कधी कधी दुसरा इलाज नसतो. डोस सगळ्यांत जास्त, करंट मॉड्युलेशन (गरज नसलेल्या क्षणी किरण कमी करणे) नसेल तर १० ते १५ मिलिसिव्हर्टच्या घरात. दोन-तीन ठोक्यांचा डेटा जोडून वेळेची सूक्ष्मता वाढवणारी मल्टिसेगमेंट पद्धत याच स्कॅनवर चालते, पण तिला ठोके एकसारखे लागतात आणि इथे तेच नव्हते.

चौथा, थांबणे. ठोके साठच्या खाली आणणे आणि फक्त लागेल तेवढा भाग पुन्हा घेणे. क्रिएटिनिन चांगले, दुसऱ्या वेळचा कॉन्ट्रास्ट झेपणारा. हाच निवडला.

दुसऱ्या स्कॅनची तयारी

महिलेला टेबलावरून उतरवून बसवले, कॅन्युला तसाच ठेवून. सकाळी घरून निघताना तिने चहा घेतला होता हे तेव्हा विचारल्यावर कळले. आदल्या रात्रीपासून चहा-कॉफी नको ही सूचना चिठ्ठीवर असते, पण «उपाशी या» एवढेच लोकांच्या लक्षात राहते आणि चहाला कुणी खाणे धरत नाही. फोनवर चहाचे नाव घेऊन सांगावे.

११.२० ला पल्स ६६, रक्तदाब १२८/७८. डॉक्टरांच्या देखरेखीत मेटोप्रोलॉल ५ मिलिग्रॅम शिरेतून, दोन मिनिटांत सावकाश. पाच मिनिटांनी रक्तदाब तपासून पल्स ६२. आणखी ५ मिलिग्रॅम. त्यानंतर ५८. सहसा १५ मिलिग्रॅमवर थांबतात. दमा, दुसऱ्या-तिसऱ्या दर्जाचा हार्ट ब्लॉक, वरचा रक्तदाब १०० च्या खाली, हार्ट फेल्युअर नुकतेच बिघडलेला रुग्ण, यांना हे औषध द्यायचे नाही. त्यांतल्या दम्याच्या रुग्णासाठी आयव्हाब्रॅडिन ५ ते ७.५ मिलिग्रॅमचा विचार डॉक्टर करतात. पण ते दीड-दोन तास आधी द्यावे लागते आणि व्हेरापामिल किंवा डिल्टियाझेम चालू असेल तर चालत नाही.

नायट्रोग्लिसरीन पुन्हा द्यावे लागले, पहिल्या फवाऱ्याचा परिणाम एव्हाना ओसरलेला असतो. त्याने धमन्या रुंदावतात, बारीक फांद्या वाचता येतात, पण रक्तदाब उतरून ठोके थोडे वाढतात. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी ठोके खाली, मग फवारा, मग तीन ते पाच मिनिटांत स्कॅन. पुरुष रुग्णाला सिल्डेनाफिल गेल्या २४ तासांत किंवा टाडालाफिल ४८ तासांत घेतले आहे का, हे नातेवाईक बाहेर असताना, एकट्याला विचारावे.

इलेक्ट्रोड पहिल्या वेळी खांद्याच्या स्नायूवर लावले होते. हात डोक्यावर नेले की तो स्नायू ताणतो, थरथरतो, आणि ती थरथर पट्टीवर बारीक काटे उमटवते. ते कॉलरबोनच्या लगेच खाली, हाडाजवळ आणले. त्वचा कोरडी करून पुसली, तारा स्कॅनच्या पट्ट्याबाहेर वळवल्या. मग लीड बदलून ज्यात आर लाट उंच आणि टी लाट ठेंगणी दिसते ती निवडली. टी लाट उंच राहिली तर मशीन तिलाच आर समजून दुप्पट ठोके मोजते.

आता श्वास. मशीनमधला आवाज इंग्रजीत होता. सूचना संपल्यावर महिला शेजारच्या टेक्निशियनचे तोंड पाहून मग श्वास घेत होती. त्यात दोन सेकंद जात आणि घाईने घेतलेला श्वास खोल होई. खोल श्वासाने छातीतला दाब बदलतो, पोटाकडून कॉन्ट्रास्ट नसलेले रक्त एकदम वर येते आणि ऐन वेळी महाधमनीचा उजळपणा पडतो. दाबून धरला तर उलट, रक्त परतायचेच अडते. टेबलाशी उभे राहून तीन वेळा सराव घेतला:

«काकू, मी म्हणेन तेव्हा नेहमीसारखा श्वास घ्यायचा. छाती फुगवायची नाही. घेतला की तिथंच थांबायचं, जोर लावायचा नाही.»

«किती वेळ थांबू?»

«मनात दहा मोजा. त्याच्या आत होतं. अंगात गरम वाटेल, लघवी झाल्यासारखं वाटेल, ते औषधाचं आहे. हलू नका.»

शेवटचे वाक्य फार उपयोगाचे आहे. गरम लाट अनपेक्षित आली की रुग्ण दचकतो आणि ठोके दहा-पंधराने उडी मारतात, नेमके एक्सपोजरच्या वेळी. सरावात पल्सवर नजर ठेवली. श्वास धरल्यावर पहिले दोन-तीन सेकंद अंतरे कमी-जास्त, मग ५७ वर स्थिर. त्यावरून श्वासाची सूचना आणि स्कॅन यांत चार सेकंदांचे अंतर ठेवले. मशीनवर आपल्या भाषेत आवाज रेकॉर्ड करायची सोय असते. ती वापरून, सूचना सावकाश आणि सोप्या मराठीत भरून ठेवावी.

दुसरा स्कॅन

चारऐवजी तीन पट्टे, ११० मिमी: उजव्या धमनीच्या उगमाच्या किंचित वरून खालपर्यंत. १०० केव्ही, केंद्र ७५ टक्के, पॅडिंग आगेमागे ८० मिलिसेकंद, म्हणजे एका पट्ट्यामागे ३९० मिलिसेकंद. कॉन्ट्रास्ट ६५ मिली, वेग तोच. उंबरठा मात्र बदलला. पहिल्या वेळचा थोडा कॉन्ट्रास्ट अजून रक्तात फिरत असतो, महाधमनी सुरुवातीलाच किंचित उजळ असते. १२० चा ठोकळ आकडा ठेवला तर ट्रिगर लवकर बसतो आणि डावीकडे कॉन्ट्रास्ट पोचायच्या आत स्कॅन सुटतो. म्हणून पायाभूत आकड्यावर १०० ची वाढ, असा सापेक्ष उंबरठा दिला.

स्कॅन ११.४५ ला. पट्टीवर अंतरे १०३० ते १०६०, एक्टोपिक नाही. पुनर्रचना ०.६२५ मिमी, निम्म्या ओव्हरलॅपने, फील्ड, म्हणजे चित्रात घेतलेल्या भागाची रुंदी, १८० मिमी. ५१२ च्या चौकटीत त्याचा एक पिक्सेल ०.३५ मिमीचा होतो. फील्ड ३५० ठेवून पूर्ण छाती काढली तर पिक्सेल दुप्पट होतो आणि मेहनतीने मिळवलेला तपशील तिथेच वाया जातो. उजवी धमनी ७२ टक्क्यांच्या फेजवर सर्वांत गोल दिसली, डाव्या बाजूसाठी ७५ बरा. पॅडिंगचा हा फायदा: एकच फेज सगळ्या धमन्यांना क्वचितच जमतो.

पहिल्या स्कॅनच्या तिसऱ्या पट्ट्यातली ती जागा आता सलग. कॅल्शियमचा ठिपका पहिल्या चित्रात होता त्याच्या निम्म्याने लहान, धमनीच्या भिंतीत, शेजारी थोडा मऊ प्लाक (भिंतीतला चरबीचा थर). अरुंदपणा ३० ते ४० टक्के.

डोसचा ताळेबंद: कॅल्शियम स्कोअर ४५, पहिला स्कॅन २१०, दुसरा २६५, एकूण डीएलपी ५२०, म्हणजे ७.३ मिलिसिव्हर्ट. हाच रुग्ण पहिल्याच वेळी ५८ ठोक्यांवर, चार पट्टे आणि ८० चे पॅडिंग देऊन घेतला असता तर कॅल्शियमसह डीएलपी ४०० च्या आसपास, ५.६ मिलिसिव्हर्ट, आणि ६५ मिली कॉन्ट्रास्ट वाचला असता. पॅडिंग शून्य ठेवून जे वाचवले ते दुसऱ्या स्कॅनने दामदुप्पट घेतले. तरीही ६९ ठोक्यांवर केवळ ८० चे पॅडिंग दिले असते तर हा स्कॅन वाचला असता, असे म्हणता येणार नाही. गणिताने केंद्र ५८४ पर्यंत मागे नेता आले असते, तिथेही खिडकीचा निम्मा भाग कर्णिकेच्या आकुंचनात पडतो. चित्र सुधारले असते, निर्णय देण्याइतके नाही. शून्य पॅडिंग राखून ठेवावे ते साठच्या खालच्या, सरावात पूर्ण स्थिर दिसलेल्या पल्ससाठी.

रिपोर्ट

उजव्या धमनीच्या मधल्या भागात मिश्र प्लाक, २५ ते ४९ टक्के गटात, बाकी धमन्यांत किरकोळ अनियमितता. कॅड-रॅड्स २. सल्ला: अँजिओग्राफीची गरज दिसत नाही, जोखीम कमी करणारे औषधोपचार तिच्या डॉक्टरांनी ठरवावेत. रिपोर्टात दोन्ही स्कॅनची नोंद, पहिल्याच्या बिघाडाचे कारण आणि एकूण डीएलपी लिहिला. पहिल्या स्कॅनच्या प्रतिमा फिल्मवर छापल्या नाहीत, पण सर्व्हरवरून पुसल्याही नाहीत. त्यांच्यावर «गतीदोष, निदानासाठी वापरू नये» अशी खूण केली. सहा महिन्यांनी दुसऱ्या डॉक्टरने सीडी उघडली आणि नेमकी ती मालिका आधी दिसली, तर ती खूण नसल्यास तुटलेली धमनी पाहून पुन्हा तोच ७० टक्क्यांचा संशय उभा राहील.

मशीनशेजारच्या तक्त्यात तीन गोष्टी नव्याने लिहिल्या गेल्या. गोळीनंतर किमान ६० मिनिटे, मग पल्स. टेबलावर श्वास धरून पल्स आणि शेवटची दहा अंतरे, फक्त सरासरी नाही. ६५ च्या वर किंवा दहात एकही लवकर आलेला ठोका दिसला, तर कॉन्ट्रास्ट भरण्याआधी डॉक्टरांना बोलवायचे.